लाकडी वाड्यात ‘बघण्यासारखं’ काय असतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डोंबिवलीहून आई आणि सातवीतल्या लेकीला घेऊन घाटावरचा एक जुना लाकडी वाडा बघायला गेलात. तिथे आता संग्रहालय आहे. वीस मिनिटांत सगळे बाहेर. लेक म्हणाली, “रिकाम्या खोल्या तर आहेत.” आईंना गुडघ्यांमुळे वर चढता आलं नाही, त्या चौकातच बसून राहिल्या. वरच्या मजल्यावर पायाखाली करकर वाजत होतं, अर्धा मजला दोरी बांधून बंद होता आणि पहारेकऱ्याने “धोका आहे” एवढंच सांगितलं. आता तुम्हाला विचारायचं आहे की अशा ठिकाणी पुन्हा जाण्यात अर्थ आहे का, असला तर कुठे जायचं, काय बघायचं, आणि मुंबईतल्या मुंबईत काही जमतं का.

माझं काम म्हणजे लाकडी सांगाड्याच्या जुन्या इमारतींची पाहणी आणि दुरुस्ती. बहुतेक गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वरकडच्या चाळी, अधूनमधून बाहेरगावचे वाडे. त्यामुळे मी जे सांगेन ते सुताराच्या आणि मिस्त्रीच्या बाजूने असेल. तोच वाडा एखादा इतिहासकार तुम्हाला निराळाच दाखवेल, आणि तेही बरोबरच असेल.

माझ्या मते तुमची अडचण वाडा निवडण्यात झाली नाही. संग्रहालय म्हटलं की आपण कपाटं आणि पाट्या शोधतो. तलवार, पगडी, नाणी, खाली नाव-सालाची चिठ्ठी. वाड्यात ते नसलं की खोली रिकामी वाटते. पण तिथे जपून ठेवलेली मुख्य वस्तू तुमच्या डोक्यावर आणि पायाखाली असते, आणि तिच्यावर चिठ्ठी लावलेली नसते. लेकीची तक्रार म्हणून रास्त आहे. तिला कुणी दाखवलंच नाही.

आता, सगळ्या ठिकाणी हे सारखंच लागू पडत नाही, तेही सांगतो. काही ठिकाणी घर हे निमित्त असतं आणि संग्रह मुख्य. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्याचं ठळक उदाहरण: अडकित्ते, दिवे, कोरीव दरवाजे, भांडी बघायचीत तर तिथे अख्खा दिवस जाईल. काही ठिकाणी एक माणूस मुख्य असतो, जसं गावदेवीतलं मणिभवन. आणि काही ठिकाणी फक्त वास्तू उरलेली असते, सामान कधीच पांगलेलं. तुमचा वाडा या शेवटच्या प्रकारातला दिसतो. अशा वाड्याला स्वतःहून बोलता येत नाही, त्याला विचारावं लागतं.

विचारायला सुरुवात खालून करा. आपण आत शिरलो की मान वर करतो, कारण नक्षी वर असते. मी चौकात उभा राहिलो की आधी खांबाच्या पायाशी उकिडवा बसतो. लाकडी खांब थेट जमिनीत रोवलेला कधी दिसणार नाही. खाली दगडी जोतं, जोत्यावर प्रत्येक खांबाला वेगळा घडीव दगड, त्याला तळखडा म्हणतात, आणि त्याच्यावर खांब. हा तळखडा शोभेसाठी नाही. लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते टोकाकडून, कारण झाडाच्या रस वाहून नेणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. खांबाचं खालचं टोक ओल्या जमिनीला लागलं तर सागवानसुद्धा काही पावसाळ्यांनी कुजायला लागतं. दगडाने ते टोक वीतभर वर उचललं की ओल आणि लाकूड यांच्यात एक पायरी पडते. तिथे बोट फिरवून बघा. चांगल्या राखलेल्या वाड्यात दगड आणि लाकूड यांच्यामधली रेघ स्वच्छ दिसते. जिथे कुणी मागाहून सिमेंटचा कोबा करून जमीन उचलली आहे, तिथे तळखडा अर्धा गाडला गेलेला असतो आणि खांबाच्या पायाशी काळपट पट्टा चढलेला असतो. पाणी आत अडकलं, बाहेर पडायला वाट नाही. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं. मी पाहिलेल्या वाड्यांत वाळवीइतकंच नुकसान या हौशी कोब्यांनी केलेलं आहे.

मग खांबावरून नजर वर न्या. खांबाच्या माथ्यावर दोन्हीकडे पसरलेला लाकडाचा कोरीव तुकडा असतो. आम्ही त्याला हस्त म्हणतो. पोपट, केळफूल, वेलबुट्टी, बरंच काही कोरलेलं असतं. पण काम काय करतो हे लेकीला विचारा. वरून जाणारी तुळई दोन खांबांच्या मध्ये जेवढी लांब अधांतरी, तेवढी ती वाकणार. हस्त दोन्ही बाजूंनी पुढे येऊन ते अंतर कमी करतो आणि तुळईला टेकायला जास्त जागा देतो. म्हणजे सर्वांत जास्त नक्षी जिथे केली आहे, तिथेच सर्वांत जास्त भार उतरतो. जुन्या सुतारांची ही आवड मला फार भावते. बिनकामाच्या लाकडावर त्यांनी क्वचितच छिन्नी चालवली.

तुळईवर फूट-दीड फुटाच्या अंतराने एकेक कडी, म्हणजे बारीक आडवं लाकूड, आणि कड्यांवर फळ्या. हा कडीपाट. फळ्यांवर बहुधा मातीचा, चुन्याचा थर आणि त्यावर वरच्या मजल्याची जमीन. हा थर दिसत नाही पण त्याचं वजन भरपूर असतं आणि तो उपयोगीही असतो: वरचं सांडलेलं पाणी लगेच लाकडात जात नाही, आवाज दबतो, आग वरून खाली यायला वेळ लागतो. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. जुन्या कागदपत्रांत घराचं माप खणांतच लिहिलेलं आढळतं. लेकीला खण मोजायला लावा. मग तिला कळेल की सगळे खण सारखे नाहीत, दिवाणखान्यात मोठे, मागच्या कोठीत लहान. लाकूड महाग होतं, लांब तुळई तर फारच. मालकाने पैसा कुठे खर्च केला आणि कुठे हात आखडला हे खण मोजून कळतं.

सांध्याकडे जरा जास्त वेळ द्या. आडवं लाकूड उभ्यात कसं शिरलं आहे ते बघा. एकाच्या टोकाला कुसू काढलेला, दुसऱ्यात तेवढीच खाच, आरपार एक लाकडी मेख. खिळे फार कमी. लोखंडाचा खिळा ओलीने गंजतो आणि सागाच्या रसाशी मिळून भोवताली काळा डाग पाडतो. असा डाग दिसला की तिथे ओल आली होती, हे नक्की. शिवाय लाकूड वर्षभर हलत असतं. पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. आषाढात तुमच्या घरचा जुना दरवाजा चौकटीत अडकतो, त्यामागे हेच कारण. मेखेच्या सांध्याला या हालचालीला जागा असते. म्हणून इतकी वर्षं तो तसाच राहतो.

इथे एक गिरगावची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे तुम्हाला कुठल्याही वाड्यात कुठे बघायचं ते कळेल. एका चाळीत तिसऱ्या मजल्याची जमीन एका कोपऱ्यात खाली बसली होती. लोकांना वाटलं, तुळई गेली. खालून छताच्या पट्ट्या काढल्या तर मधली सगळी तुळई ठणठणीत, बर्मा टीक, हातोडीच्या दांड्याने ठोकली तर टणटणीत आवाज. पण भिंतीत शिरणारं टोक, शेवटचं हातभर, तिथे ठोकलं तर नुसता भद्द. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो ओल्या भुश्यासकट. वर मोरी होती. पिढ्यान् पिढ्या झिरपलेलं पाणी भिंतीत जाऊन त्या टोकाशी थांबलेलं. दुरुस्ती म्हणून आम्ही कुजलेला भाग कापला, चांगल्या लाकडापर्यंत तिरका सांधा घेतला, जुन्या इमारतीतूनच निघालेलं सागवान जोडलं आणि भिंतीत टोकाभोवती हवा खेळायला जागा ठेवली. अख्खी तुळई बदलायची गरज नव्हती. कुठलंही लाकडी घर आधी टोकांशी, भिंतीत आणि पाण्याच्या वाटेवर मरतं. मधलं लाकूड बहुतेक वेळा आपल्यापेक्षा जास्त जगतं. वाड्यात गेलात की पन्हळीखालचा कोपरा, मोरीची भिंत, छप्पर आणि भिंत मिळते ती जागा, एवढं बघा. दुरुस्ती तिथेच झालेली असते किंवा व्हायची राहिलेली असते.

नवं लाकूड ओळखणं फार अवघड नाही. न दिसणाऱ्या बाजूवर, म्हणजे कडीच्या वरच्या अंगाला किंवा जिन्याखाली, जुन्या लाकडावर वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्याराने, तासल्याच्या उथळ, कमीजास्त खुणा असतात. यंत्रावर कापलेलं लाकूड एकसारखं सपाट. जुन्या कोरीवकामाच्या कडा हात लागून लागून गोलसर झालेल्या असतात, नवं कोरलेलं अजून टोचतं. काही लोकांना नवा तुकडा दिसला की फसवल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं. दहा फुटांवरून एकजीव आणि हातभर अंतरावरून वेगळा दिसतो, तो तुकडा प्रामाणिक. सगळ्यावर एकच चकचकीत पॉलिश मारून जुनं-नवं मिसळून टाकतात, ते मला आवडत नाही. मेणाच्या पुतळ्यांना फेटे बांधून ओसरीवर बसवतात, तेही नाही. आणि हो, प्रत्येक वाड्यात कुणीतरी “इथून किल्ल्यापर्यंत भुयार आहे” म्हणून सांगेल. हसून ऐका आणि पुढे चला.

आता तुमच्या भीतीबद्दल. करकर वाजणं हे सहसा धोक्याचं लक्षण नाही. फळी सुकून थोडी आकसली की खिळ्यावर किंवा कडीवर घासते, तोच आवाज. चाळीत वाढलेल्या माणसाला आवाजावरून कळायचं, जिन्यावर कोण येतंय ते. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची: पाऊल टाकल्यावर जमीन झोका घेते, एखाद्या जागी पाय मऊ लागतो, जमीन एका भिंतीकडे उतरलेली आहे, खाली बारीक पिठासारखा भुसा पडला आहे, भिंतीवरून मातीची नागमोडी नळी वर गेली आहे. पिठासारखा भुसा म्हणजे भुंग्याची कीड, मातीची नळी म्हणजे वाळवी. सागाचा गाभा दोघांनाही सहसा दाद देत नाही, पण सालीलगतचं पांढुरकं लाकूड त्यांना आवडतं. यातलं काही दिसलं तर मागे या आणि खाली सांगा. त्यांनाही ते हवंच असतं.

दोरीचं कारण मात्र बहुतेक वेळा लाकूड कुजलं हे नसतं. घर हे घरासाठी बांधलेलं असतं. आपल्याकडच्या मानकांत राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात. माणसं उभी राहून गर्दी करतील अशा मोकळ्या दालनाला साधारण 500. म्हणजे दिवाणखान्यात दहा-बारा माणसं बैठक घालून बसायची, तिथे शाळेची सहल एकदम वर चढली तर जमीन चांगली असूनही हिशेब बिघडतो. म्हणून कुठे वीस-वीसची तुकडी सोडतात, कुठे मजला बंदच ठेवतात. खालून लोखंडी टेकू देऊन मजला खुला करता येतो, पण मग खालचं दालन टेकूंनी भरून जातं. यात एकच बरोबर उत्तर नाही. मला विचाराल तर गर्दी कमी सोडून मूळ सांगाडा तसाच ठेवणं मी पसंत करतो. ज्यांना वर जायचं होतं त्यांचा विरस होतो, तो होतोच. खोल्या अंधाऱ्या ठेवण्यामागेही असंच कारण असतं: कापड, कागद, जुनी रंगीत चित्रं यांच्यावर संग्रहालयात 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच उजेड ठेवतात, आणि तो आपल्या घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा बराच मंद असतो. आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की छताच्या फळ्या दिसायला लागतात.

आईंना चौकात बसावं लागलं याचं वाईट वाटून घेऊ नका. वाडा कळायला चौकाइतकी चांगली जागा नाही. रस्त्याच्या बाजूने बहुतेक वाडे बंद भिंतीचे असतात. उजेड, वारा, पाऊस, माणसं, सगळं चौकातून आत येतं. तिथून छपराच्या चारही उतरत्या पाखी, ओसरी, वरचे सज्जे, पन्हळी एका जागी दिसतात. आणि तुमच्या आईंच्या वयाच्या बायकांनी लहानपणी अशी घरं वापरलेली असतात. त्यांना विचारा, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला असेल? मग लेकीला तिकडे पाठवा आणि छताचे वासे बघून यायला सांगा. चूल होती तिथलं लाकूड धुराने अजून काळं असतं, कितीही घासलं तरी. फडताळ, देवळी, खुंटी, बळद (धान्याचा कोठा), दिंडी दरवाजा (मोठ्या दारातलं छोटं दार), आडणा (दाराचा आडवा अडसर) ही नावं आजीकडून नातीकडे गेली तर मार्गदर्शकाची गरज नाही. जिन्याचं म्हणाल तर वाड्यातले जिने भिंतीच्या जाडीत बसवलेले, अरुंद आणि खडे असतात. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं कठीण जातं. त्यामुळे “वर जाऊन तर बघू” असा आग्रह करू नका.

थोडक्यात, पुढच्या वेळी एवढा क्रम धरा: तळखडा, हस्त, सांधा, कडीपाट, मग पाण्याची वाट. खोल्यांमधून फिरणं त्यानंतर.

कुठे जायचं? मी तुम्हाला मुंबईतूनच सुरुवात करायला सांगेन. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात तुम्ही लेकीला कधीतरी नेलंच असेल. पुन्हा जा आणि मधल्या घुमटाखाली उभं राहून पहिल्या मजल्याकडे बघा. तिथे गोलाकार लावलेले कोरीव लाकडी खांब, कमानी आणि कठडा नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून आणलेले आहेत. इमारत 1914 मध्ये पूर्ण झाली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं आणि लोकांसाठी संग्रहालय उघडलं 1922 मध्ये. हजारो लोक त्या लाकडाखालून जातात आणि कुणी मान वर करत नाही. तिथे तुम्हाला खांब आणि कमान जवळून कळेल, पण तो सांगाडा आता भार वाहत नाही, दागिना म्हणून लावला आहे. घर कसं उभं राहतं ते त्यातून कळणार नाही.

त्याच दिवशी किंवा वेगळ्या दिवशी गावदेवीला लॅबर्नम रोडवर मणिभवन. हा वाडा नव्हे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मुंबईचं सुखवस्तू घर, पुढे लाकडी सज्जे. घर रेवाशंकर जगजीवन झवेरींचं. 1917 ते 1934 गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरायचे. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे त्यांना गच्चीवरून अटक झाली. तळमजल्यावर ग्रंथालय आणि छायाचित्रं आहेत, आई तिथे निवांत बसू शकतात. वर त्यांची खोली आहे, गादी, चरखे, काचेपलीकडून बघायची. लेकीला तिथे एक गोष्ट बघायला सांगा: जिन्याच्या पायऱ्या कुठे झिजल्यात, मध्ये की कठड्याकडे.

पुण्याला जायचं तर एका दिवसात विश्रामबागवाडा आणि शनिवारवाडा जोडीने बघा. दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास पुरा केला आणि 1818 मध्ये पेशवाई जाईपर्यंत तिथे राहिला. 1821 मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. 1879 मध्ये वाड्याला आग लागली आणि काही भाग जळला. पुढे वर्षानुवर्षं नगरपालिकेची कचेरी होती. इतके हात बदलूनही रस्त्यावरचा कोरीव सज्जा आणि आतले सुरूच्या आकाराचे सागवानी खांब अजून बघायला मिळतात. मग शनिवारवाड्यावर जा. 1732 मध्ये वास्तुशांत झालेला तो भला मोठा वाडा 1828 च्या आगीत गेला. दगडी जोती, तट आणि दरवाजे राहिले. दिल्ली दरवाजावरच्या नगारखान्यात मात्र लाकूडकाम अजून आहे. विश्रामबागेत तुम्ही जोत्यापासून छतापर्यंत बघून आलेल्या असाल, म्हणून शनिवारवाड्याच्या मोकळ्या जोत्यांवर वरचं सगळं मनाने उभं करता येतं. उलट्या क्रमाने गेलात तर शनिवारवाडा नुसती बाग वाटते.

नाशिकला सराफ बाजारात सरकारवाडा आहे, पेशवेकालीन, राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय तिथे आहे. उंच दगडी जोतं आणि वर लाकडी खांब. गोदावरीला पूर आला की सराफ बाजारात पाणी शिरतं हे नाशिककरांना नवीन नाही. त्या जोत्याची उंची बघितली की बांधणाऱ्याला नदी माहीत होती हे कळतं. वाईला गेलात तर तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, खाली कृष्णेचा घाट आणि वसईच्या मोहिमेतून आलेली मोठी घंटा. तो खासगी आहे, तेव्हा त्यांच्या नियमांनी बघायचा.

आणि कधी केरळची सहल ठरलीच तर तिरुवनंतपुरमहून साठ-एक किलोमीटरवरचा पद्मनाभपुरम राजवाडा चुकवू नका. तमिळनाडूच्या हद्दीत, पण कारभार केरळच्या पुरातत्त्व खात्याचा. त्रावणकोरची राजधानी 1795 मध्ये तिरुवनंतपुरमला हलली, तोवर राजा इथे. आपल्या वाड्यांत वीट-दगड आणि लाकूड यांची भागीदारी असते, इथे लाकूडच राज्य करतं. प्रवेशाच्या दालनाच्या छतावर नव्वद फुलं कोरली आहेत, प्रत्येक निराळं. उतरती छपरं इतकी खाली ओढलेली की पाऊस भिंतीपर्यंत पोचतच नाही. मघाशी म्हटलं ना, पाण्याची वाट बघा. तिथे ती बांधणाऱ्यांनी आधीच बंद केली आहे. सोमवारी बंद असतो. चपला बाहेर काढाव्या लागतात, आईंसाठी मोजे ठेवा.

हंगामाचं म्हणाल तर मी स्वतः पावसाळ्यात जातो, कारण गळती तेव्हाच दिसते. तुम्ही आईंना घेऊन जाताय, दगडी पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा दिवाळीनंतर ते होळीच्या आधी जा. सकाळी उघडतानाच पोचा. सहली अकरानंतर येतात, आणि सकाळचं तिरपं ऊन चौकात आलं की वाकसाच्या खुणा उठून दिसतात. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात आणि दुरुस्ती चालू असेल तर मजलेच्या मजले बंद असतात. म्हणून निघण्याआधी फोन करा.

कोरीव लाकडाला हात लावावा का, हेही तुम्ही विचारलं होतं. रंगवलेल्या, चित्र काढलेल्या किंवा कोरलेल्या भागाला नको, घामाचं मीठ आणि तेल त्यात बसतं. साध्या खांबाला, तळखड्याला लावायला मी तरी हरकत घेणार नाही, पण तिथला नियम वेगळा असेल तर तोच पाळा. नखाने खरवडून “खरंच सागवान आहे का” बघू नका. असे महाभाग पुष्कळ भेटतात.

आणि पहारेकऱ्याला “वर का जाऊ देत नाही” असं विचारू नका. “पावसात कुठे गळतं हो?” असं विचारा. आठ-दहा पावसाळे तिथे काढलेला माणूस असतो तो, बादल्या त्यानेच लावलेल्या असतात. बहुतेक वेळा तो स्वतः उठून दाखवायला येतो. जाऊन आलात की खांबांच्या पायाचे आणि छताच्या कोपऱ्यांचे फोटो इथे टाका, कुठलं लाकूड मागाहून बसवलेलं आहे ते जमेल तितकं सांगतो.